चमचाभर कस्टर्ड

माझ्या भावाने, वीबेने, त्या वसंतात औषध नीट घेतलं असतं तर त्याच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडते. 'दोन बहिणी' या आमच्या गावच्या शिडाच्या बोटीचं सुकाणू. शर्यतीच्या दिवशी बांधावर गर्दी करून उभ्या राहिलेल्या अख्ख्या गावाची नजर. बोटीवरच्या सगळ्या गड्यांवर, आणि त्यातही माझ्या नवऱ्यावर, घसा फाटेपर्यंत ओरडायची सोय. शिवाय काळी कॉफी, बिअर आणि शांत झोप, या तिन्ही गोष्टी पोटातल्या अल्सरने त्याच्याकडून काढून घेतल्या होत्या, त्या परत. बदल्यात त्याने द्यायचं काय, तर काही दिवस औषध गिळायचं. इतका स्वस्त सौदा हॉलंडच्या उत्तरेला, आमच्या फ्रिसलंडमध्ये गाईंच्या बाजारातही कधी झाला नसेल.

नीट घेतलं नाही तर सुकाणू जाणार होतं दाउवेकडे. दाउवे म्हणजे माझा नवरा. "तुझं बरंय, बाउक्ये, भाऊ असो की नवरा, सुकाणू तुझ्याच घरात," असं बायका मला म्हणायच्या. त्यांना हिशेब येत नाही. सुकाणू एक आणि पुरुष दोन, म्हणजे एक जण कायम फुगलेला. आणि जो फुगलेला असेल तो रविवारी सकाळी कॉफीच्या वेळी माझ्याच टेबलाशी बसून फुगतो.

प्रकरण सुरू झालं आदल्या उन्हाळ्यात. भर शर्यतीत, वारा चांगला भरलेला असताना, वळणाची खूण म्हणून तरंगणाऱ्या पिंपाशी वीबेने बोट वळवायला घेतली आणि तोच पोट धरून दुमडला. बोट सरळ लव्हाळ्यात घुसली. पलीकडच्या कुरणातल्या गाई कुंपणाशी येऊन बघायला लागल्या. आमच्या गावात लव्हाळ्यात घुसलेल्या बोटीबद्दल कुणी मोठ्याने काही बोलत नाही, फक्त आवाज खाली करून वर्षभर बोलतात. बोट-मंडळाचा अध्यक्ष गोसे, जो एरवी कुठलाच निर्णय घेत नाही, त्याने एकच निर्णय घेतला: डॉक्टरांनी 'पोट साफ बरं झालं' असं म्हटल्याशिवाय वीबेच्या हाती सुकाणू नाही.

तपासणीत निघाला अल्सर. पोटात एक जंतू ठाण मांडून बसला होता, आणि वरून वीबे कितीतरी महिने गुडघेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी, काळ्या कॉफीत विरघळवून रिचवत होता. डॉक्टर वियर्स्मांनी त्याला बोलावलं, तेव्हा येल्त्ये, म्हणजे माझी भावजय, आणि मी, दोघी बरोबर गेलो. वीबे कुठलंही बोलणं अर्धंच ऐकतो, म्हणून राहिलेलं अर्धं ऐकायला माणसं लागतात.

"या कॅप्सुल्स," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रत्येक जेवणानंतर आणि झोपायच्या आधी. फोडायच्या नाहीत, चावायच्या नाहीत, अख्ख्या गिळायच्या. मोठा पेलाभर पाणी प्यायचं वरून. आणि गिळून लगेच आडवं पडायचं नाही. घशात अडकली तर तिथेच जाळते."

"बरं," वीबे म्हणाला.

"ही दुसरी छोटी गोळी आम्ल कमी करायची. ती मात्र जेवणाआधी."

"बरं."

"एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायच्या नाहीत. थकबाकी वसूल करायची नाही, पुढे चालू ठेवायचं. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही."

"बरं."

"दारू बंद. औषध संपल्यावरही दोन-तीन दिवस बंद."

वीबेने छताकडे बघितलं. "बिअर?"

"बिअर काय सरबत आहे?"

"बरं," तो म्हणाला, पण या 'बरं'ला वेळ लागला.

"गुडघ्याच्या त्या गोळ्या कायमच्या बंद. दुखलं तर दुकानात जायचं नाही, मला फोन करायचा. उन्हात उघडं फिरायचं नाही, या औषधाने कातडी भाजते. जीभ काळी होईल, शौचाला काळं होईल, घाबरू नका, औषधाचा रंग आहे. पण डांबरासारखं चिकट झालं, चक्कर आली, उलटीत रक्त दिसलं, तर रात्र-दिवस न बघता फोन. आणि दूध, ताक, दही, चीज या औषधाच्या जवळपास आणायचं नाही. दुधातलं कॅल्शियम औषधाला मिठी मारून बसतं. मग औषध अंगात जातच नाही, आल्या वाटेने निघून जातं."

इथे येल्त्येने आणि मी एकमेकींकडे बघितलं. दारू सोडायला सांगणं आम्ही समजू शकतो, तो धर्माचा विषय आहे. पण दूध? आमच्याकडे मूल रडलं तर दूध, म्हातारा कण्हला तर ताक. डॉक्टरबाईंच्या खिडकीतूनसुद्धा चार गाई दिसत होत्या, आणि त्यांनीही चरणं थांबवल्यासारखं मला वाटलं.

"मी बघते त्याच्याकडे," येल्त्ये म्हणाली. ज्या सुरात तिने हे म्हटलं, त्या सुरात पूर्वी राजे युद्ध पुकारत असतील.

आणि तिने खरंच बघितलं. दुपारच्या पाव-चीजच्या जेवणाशी वीबे पन्नास वर्षं ताकाचा पेला पीत आला होता, तो पेलाच तिने कपाटाच्या वरच्या फळीवर पालथा घातला. चीजचा गोळा मागच्या शेडमध्ये, सायकलींच्या मागे, कुलपात. कॉफीत घालायचं दूध शेजारणीकडे ठेवायला दिलं. लोणी कुठे गेलं ते तिने औषध संपेपर्यंत नवऱ्याला सांगितलं नाही. दारूची बाटली तिने माझ्याकडे आणून दिली आणि वर म्हणाली, "दाउवेला कळू देऊ नकोस." मी दिलं नाही. बाटली पिठाच्या डब्यामागे होती. तिथे दाउवे उभ्या आयुष्यात गेलेला नाही.

फ्रीज रिकामा झाला. उरले ते फक्त कस्टर्डचे डबे.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. आमच्याकडे गोळी कस्टर्डातून घेतात. चमचाभर पातळ कस्टर्ड घ्यायचं, त्यात गोळी ठेवायची, वरून थोडं आणखी पांघरूण घालायचं, आणि गट्ट. आमच्या आईने जंतांचं औषध असं दिलं, तिच्या आईने तिला असं दिलं, वृद्धाश्रमात नर्सबाई हातात कस्टर्डचा वाडगा घेऊनच गोळ्यांच्या फेरीला निघते. कस्टर्ड पानात वाढलं तर ते गोड पदार्थ. चमच्यात गोळीखाली आलं की ते खाणं राहत नाही, हत्यार होतं. सुईला दोरा तसं गोळीला कस्टर्ड. दोऱ्याला कुणी कापड म्हणत नाही, तसं चमच्यातल्या कस्टर्डाला आमच्याकडे कुणी दूध म्हणत नाही.

तर येल्त्ये सकाळी व्हॅनिला, दुपारी चॉकलेट, संध्याकाळी कॅरमेल आणि झोपताना पुन्हा व्हॅनिला, असा चमचा भरायची. एका वेळी तीन, म्हणजे दिवसाला डझनभर कॅप्सुल्स. डॉक्टरबाईंनी अख्ख्या म्हटलं होतं, म्हणून अख्ख्या. बसून म्हटलं होतं, म्हणून ताठ बसवून. वीबे पाखराच्या पिल्लासारखा आ करायचा. वरून पेलाभर पाणीही प्यायचा, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी बघत होते, दाउवे बघत होता, एकदा तर गोसेसुद्धा बघत होता. आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि कुणालाही काहीही दिसलं नाही.

वीबेची जीभ ठरल्याप्रमाणे काळी झाली. दुकानातली बाई म्हणाली, "ज्येष्ठमधाच्या गोळ्या जरा कमी खा, वीबे." त्याने तिला समजावलं नाही, फक्त जीभ आणखी थोडी बाहेर काढून दाखवली. बोटीची डागडुजी चालली होती तिथे तो लांब बाह्यांचा सदरा आणि माझ्या सासूबाईंची रुंद काठाची हॅट घालून यायचा. शुक्रवारी सगळे गडी बिअर उघडायचे तेव्हा हा पाणी प्यायचा, आणि ते असं प्यायचा की बघणाऱ्याला अपराधी वाटावं. दाउवे घरी येऊन म्हणायचा, "त्याचा हा संत झालेला चेहरा बघवत नाही. लव्हाळ्यात घुसलेला बरा होता."

औषध संपलं, सांगितलेले आठवडे उलटले, आणि शहरातल्या इस्पितळात वीबेने एक आंबट पाणी पिऊन नळीत फुंकर घातली; जंतू गेला का ते श्वासावरून कळतं. जन्मभर वाऱ्यावर जगलेला माणूस, फुंकर त्याने जोरदार मारली. निकाल आला: जंतू जागच्या जागी. खुशाल.

गावात हे कळायला किती वेळ लागला ते विचारू नका. येल्त्येने मला फोन करून सांगितलं आणि मी खाली ठेवलेला फोन लगेच वाजला. गोसेच्या बायकोचा होता, सांत्वनाचा.

"बिअर," असा गावाचा निवाडा होता. "चोरून घेतली असणार. वीबेला कोण ओळखत नाही?"

वीबे तणतणत माझ्या स्वयंपाकघरात आला. "बाउक्ये, मी बाटलीचं बूचसुद्धा हुंगलं नाही! तुझ्या या नवऱ्याला सांग, गड्यांमध्ये माझ्याबद्दल कुजबुजायचं बंद कर म्हणावं."

"मी कुजबुजलो नाही," दाउवे म्हणाला. "मी फक्त विचारलं."

"काय विचारलंस?"

"की जंतूला पोहता येत असेल का. बिअरमध्ये."

दोघांच्या मध्ये मी साखरेचा पाव ठेवला. साखरेचा पाव तोंडात असला की माणसाला ओरडता येत नाही, नुसतं फुरफुरता येतं. वीबे फुरफुरला, की ते औषधच भिकार होतं, त्या डॉक्टरीणबाईला काही कळत नाही, आता तो कोबीचा रस पिणार आणि दिवसाला दोन पेले ताक, आमच्या आजोबांसारखं.

"आजोबा पोटानेच गेले," मी म्हणाले.

"पण कटकट न करता गेले," वीबे म्हणाला.

हसण्यावारी नेलं खरं, पण त्याचा चेहरा मला दिसत होता. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले. रात्री तो उठून खिडकीशी बसतो असं येल्त्ये सांगायची. सुकाणू गेलं तर एक उन्हाळा जाणार होता. औषधावरचा विश्वास गेला तर काय जाईल ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

मग येल्त्येचा वाढदिवस आला. आमचा वाढदिवस म्हणजे भिंतीला लागून खुर्च्यांचं रिंगण. आत आलं की एका टोकापासून सुरुवात करायची आणि सगळ्यांचं अभिनंदन करत दुसऱ्या टोकाला पोचायचं. जिचा वाढदिवस तिचं तर करायचंच, पण तिच्या नवऱ्याचंही, नणंदेचंही, नणंदेच्या नवऱ्याचंही, जणू आम्ही सगळ्यांनी मिळून तिला वाढवलं. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. एकच. डॉक्टर वियर्स्माही आल्या होत्या, कारण त्या आणि येल्त्ये चर्चच्या गायनात शेजारी उभ्या राहतात. बाईंनी वीबेचंही अभिनंदन केलं. वीबेने हात पुढे केला, पण नजर केकवर ठेवली.

गोसेची बायको रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल गाऱ्हाणं सांगत होती. घशात अडकतात म्हणे, उलटून येतात म्हणे.

"आमच्या वीबेचं तसं काही झालं नाही हो," येल्त्ये म्हणाली. तिला हे कुठेतरी सांगायचंच होतं. गावभर नवऱ्याची बदनामी चाललेली. "एकही कॅप्सूल वाया गेली नाही. एकही! मी स्वतःच्या हाताने भरवली, चमच्याने. सकाळी व्हॅनिलात, दुपारी चॉकलेटात..."

डॉक्टरबाईंचा काटा केकमध्ये उभाच राहिला.

"कशात म्हणालीस?"

"कस्टर्डात."

"येल्त्ये, कस्टर्ड कशाचं असतं?"

"कशाचं म्हणजे? दुधाचं! कस्टर्ड आणखी कशाचं अस..."

आणि ती थांबली. मग एकदम सगळ्या खुर्च्या करकरल्या, कारण प्रत्येकाला स्वतःच्या घरातला चमचा आठवला होता.

डॉक्टरबाईंनी बशी खाली ठेवली. "वीबे, हे तुझं खाजगी आहे. मी इथे बोलू, की आत जायचं?"

"अख्ख्या गावाने माझी जीभ बघितली आहे," वीबे म्हणाला. "बोला."

"मग ऐक. जंतू का टिकला याची इतरही कारणं असू शकतात, मी इस्पितळातल्या पोटाच्या डॉक्टरांशी बोलेन. पण प्रत्येक वेळी दुधात बुडवून औषध घेतलंस, तर औषधाचा पुरता जोर तुझ्या वाट्याला आलाच नाही."

"पण तुम्ही दूध बंद म्हणालात आणि मी दूध बंद केलं!" येल्त्येचा आवाज चढला. "चीज शेडमध्ये कोंडलं! लोणी गादीखाली ठेवलं!"

"गादीखाली?" वीबे म्हणाला.

"कस्टर्ड बंद असं तुम्ही म्हणालाच नाहीत!"

"नाही म्हणाले," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या थोड्या लालही झाल्या. "मी इथलीच आहे. मला म्हणायला हवं होतं." खरं तर आमच्या रिंगणातलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं, पण त्या वेळी लोकांचं लक्ष लोण्याकडे होतं.

"म्हणजे त्याने बिअर घेतली नव्हती?" गोसेने विचारलं.

"मी तेच सांगत होतो!" वीबे उभा राहिला. त्या दिवशी त्याच्याइतका आनंदी माणूस गावात नव्हता. पोटात जंतू होता, अल्सर होता, पण अब्रू परत आली होती. आमच्याकडे लोक या क्रमाने विचार करतात.

दुसऱ्या आठवड्यात नवीन औषधयोजना आली. कॅप्सुल्स पुन्हा होत्याच, आणि कागदावर डॉक्टरबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: दूध, ताक, दही, चीज, आइस्क्रीम नाही, आणि मग दोन रेघा मारून, कस्टर्ड नाही. पण खरी अडचण कॅलेंडरात होती. औषध, मग पुन्हा थांबणं, मग फुंकर. शर्यत या सगळ्याच्या मध्ये येत होती.

गोसे वीबेच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. दाउवे आणि मीही होतो. गोसे टोपी हातात फिरवत म्हणाला, "बघ वीबे, चूक तुझी नव्हती, कस्टर्डाची होती. मंडळात आम्ही बोललो. तू औषध शर्यतीनंतर सुरू कर. आम्ही निकालाचं विचारत नाही. घे सुकाणू."

दाउवेचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितला.

वीबेने डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "तुझं पोट, तुझा निर्णय. माझं मत विचारशील तर आजच सुरू कर. अल्सरला शर्यतीचं वेळापत्रक कळत नाही. तळ्याच्या मध्यावर रक्त वाहायला लागलं तर तुला काठावर आणणार कोण?"

वीबेने फोन ठेवला. "थोडे आठवडेच आहेत," तो म्हणाला. "मला आता तसं बरंच वाटतंय."

"तुला बरं वाटतंय?" येल्त्ये म्हणाली. "रात्री खिडकीशी कोण बसतं मग, मांजर?"

"येल्त्ये, सुकाणू आहे हे."

"असू दे. मी तुला चुकीचं भरवलं, हे गावाला माहीत आहे. उद्या तुला काही झालं, तर तुझ्या मयतानंतरच्या कॉफीला बायका माझ्याकडे बघतील, मग टेबलावरच्या कस्टर्डाकडे बघतील, मग पुन्हा माझ्याकडे बघतील. मी ते सहन करणार नाही, वीबे. आजच. इथे. पाण्याबरोबर."

तिने पेला भरून त्याच्यासमोर ठेवला. वीबेने पेला हाताने थोडा दूर सरकवला. मग अगदी हळू म्हणाला, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"पाण्याबरोबर. जातच नाही खाली. लहानपणापासून."

आता कळलं. साठीला आलेला माणूस, पाण्यावर जन्म काढलेला, वादळात बोट वळवणारा, आणि घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळायची याला भीती. ताक सोडलं, बिअर सोडली, सासूबाईंची हॅट घातली, पण हे सांगितलं नाही. आणि आता शर्यतीचं कारण आयतं मिळालं होतं.

मला वाटलं दाउवे हसेल. वीबेलाही तसंच वाटलं, कारण तो आधीच तोंड फिरवून बसला. पण दाउवेने खुर्ची पुढे ओढली.

"तू मान मागे टाकतोस ना?"

"मग काय पुढे टाकू?"

"हो, पुढे. अरे, कॅप्सूल आत पोकळ असते, हलकी. पाण्यावर तरंगते. मान मागे टाकलीस की ती तोंडात पुढे, दातांशी येऊन तरंगते आणि पाणी एकटंच जातं. हनुवटी छातीकडे ने. मग ती वर, मागे, घशाशी जाते. बोटीचं बूड कुठे झुकवायचं ते मी तुला शिकवायला हवं?"

"तुला कसं ठाऊक?"

"मी रक्तदाबाची घेतो. माझी बायको मला भरवत नाही." हे माझ्याकडे बघून.

आधी पावाच्या गोळीएवढ्या तुकड्यांवर सराव झाला. पहिला तुकडा खाली गेलाच नाही, दुसरा नाकाकडे निघाला, तिसऱ्याला वीबेने टेबलावर मूठ आपटली. "हनुवटी!" दाउवे ओरडला. "हनुवटी खाली! घोट मोठा! आता!" जन्मभर वीबेने त्याच्यावर ओरडून घेतलं होतं, त्या दुपारी दाउवेने बरीच वसुली केली. आणि शेवटी कॅप्सूल गेली. वीबे डोळे विस्फारून बसला, मग त्याने उरलेलं पाणी संपवलं आणि आणखी एक मागितली. ती गेली. मग राहिलेलीही.

"एका वेळच्यापेक्षा जास्त नाही!" येल्त्येने डबा उचलून एप्रनखाली घातला.

माझ्या नवऱ्याने माझ्या भावाला केलेल्या या मदतीत माया किती होती आणि सुकाणू किती होतं, ते मी तोलून बघितलं नाही. औषध सुरू झालं, म्हणजे शर्यतीच्या दिवशी वीबेला उन्हात बंदी आणि सुकाणू दाउवेकडे, एवढं त्या खोलीत सगळ्यांना समजलं होतं. गोसेने टोपी घातली आणि गेला.

शर्यतीच्या दिवशी वीबे बांधावर घडीच्या खुर्चीत बसला, मोठ्या काळ्या छत्रीखाली, मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बटणं, शेजारी पाण्याची बाटली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी विधवा नवरा बुडाला ती जागा राखत बसली आहे. जेवणानंतर त्याने सगळ्यांसमोर बाटली उघडली, हनुवटी छातीला लावली आणि आपल्या कॅप्सुल्स एकेक करून गिळल्या. दुकानातली बाई टाळ्या वाजवणार होती. येल्त्येने तिचा हात धरला.

पाण्यावर दाउवे होता. आणि इथे मला माझ्या नवऱ्याची एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्याकडे एक मोठी ठेव होती. तो कधीच सुकाणूला उभा राहिला नव्हता, त्यामुळे तो कधीच हरला नव्हता. दरवर्षी बोट मागे पडली की गावात कुणीतरी म्हणायचंच, दाउवे असता तर गोष्ट वेगळी होती. या एका वाक्यावर तो वर्षानुवर्षं आरामात जगत होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

बोट सुटली. सुरुवात बरी झाली. दाउवे लव्हाळ्यात घुसला नाही, कुणाला धडकला नाही, शीड फाटलं नाही, वाराही सगळ्यांना सारखाच होता. तो नुसता हळू गेला. प्रत्येक वळण सावधपणे, रुंद, सगळ्यांना वाट देत, डॉक्टरकडे निघालेल्या माणसासारखं. शेवटून दुसरा आला. मागे होती ती बोट, जिचं सुकाणूच तुटलं होतं.

काठावर उतरला तेव्हा सगळे त्याच्या पाठीवर थोपटत होते. पाठीवर थोपटलं जाणं किती वाईट असतं ते शर्यत हरलेल्यालाच विचारावं. वीबे छत्री मिटून उठला, बोटीपर्यंत चालत आला आणि म्हणाला, "वळणं सुरेख घेतलीस."

"गप बस," दाउवे म्हणाला.

शरदात वीबेने पुन्हा नळीत फुंकर घातली. जंतू गेला होता. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा येल्त्ये रडली, मग तिने शेडमधून चीज आणलं. गुडघ्याच्या त्या गोळ्या वीबेला पुन्हा मिळणार नाहीत, हे डॉक्टरबाईंनी त्याच फोनवर दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी येल्त्येला बोलावून सांगितलं. पुढच्या उन्हाळ्याचं सुकाणू गोसेने चर्चा न करता वीबेच्या नावावर लिहिलं.

तर आता बेरीज. वीबेला पोट मिळालं, सुकाणू मिळालं, आणि पाण्याबरोबर गोळी गिळता यायला लागली. त्याच्या खिशातून गेली ती दोन वेळची बिअर. येल्त्येच्या कस्टर्डाची गावात नाचक्की झाली, पण आता प्रत्येक बाई गोळ्या घेण्याआधी तिला विचारून जाते, म्हणजे ती फायद्यातच. डॉक्टरबाईंनी केक अर्धा टाकला होता, तो गोसेने खाल्ला. गोसेचं काही गेलं नाही, त्याचं कधीच काही जात नाही.

किंमत भरली ती दाउवेने. त्याने जवळची सगळी ठेव एका दुपारी पाण्यात घातली. आणि वारा त्या दिवशी नेमका कुठून वाहत होता, हे तो मला जेवताना रोज नव्याने समजावून सांगतो; तो भाग माझ्या वाट्याला आला.